नगरच्या निजामशाहाच्या बंदरात व्हॉइसरॉयच्या पोराचं जहाज अडकलं आणि त्याचा हिशोब दाभोळला चुकवावा लागला

२०२१ चा मार्च महिना आठवतोय? सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन नावाचं ४०० मीटर लांबीचं जहाज आडवं होऊन रुतलं होतं. सहा दिवस जगाचा व्यापार तुंबला आणि आपण सगळे त्या एवढ्याशा जेसीबीचे मीम्स फॉरवर्ड करत बसलो होतो.

जहाज रुतणं आपल्याकडेही काही नवीन नाही. २०११ च्या पावसाळ्यात मुंबईच्या जुहू चौपाटीवर आधी एमव्ही विस्डम आणि नंतर एमव्ही पवित अशी दोन जहाजं येऊन बसली होती. लोक सहकुटुंब बघायला गेले होते. २०२० च्या निसर्ग वादळात बसरा स्टार हे जहाज रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर येऊन आदळलं. २०२४ च्या जुलैमध्ये अलिबागच्या कुलाबा किल्ल्याजवळ एक मालवाहू बार्ज अडकला आणि त्यावरच्या १४ जणांना कोस्टगार्डने हेलिकॉप्टरने उचलून आणलं.

पण आजची गोष्ट त्या अलिबागपासून थोडं दक्षिणेला, चौलच्या खाडीच्या तोंडाशी घडलेली आहे. साल १५०८. त्या खाडीत एक जहाज अडकलं आणि त्यावर एक तिशीच्या आसपासचा पोरगा मेला. हा पोरगा साधासुधा नव्हता. पोर्तुगीजांनी हिंदुस्थानात नेमलेल्या पहिल्या व्हॉइसरॉयचा तो मुलगा. नाव लोरेन्सो द अल्मेडा. आणि ज्या बंदरात तो मेला, ते बंदर होतं नगरच्या निजामशाहाचं.

आता तुम्ही म्हणाल, नगर आणि बंदर? काहीही काय! आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या माणसाला समुद्र बघायचा तर घाट उतरून दोनशेहून जास्त किलोमीटर जावं लागतं. बरोबर आहे. पण निजामशाही म्हणजे फक्त भुईकोट किल्ला आणि फराहबाग नव्हे.

मलिक अहमद हा निजामशाहीचा संस्थापक. त्याचा बाप मलिक हसन बहामनी राज्यात मोठा वजीर होता. मलिक अहमदचा मुक्काम सुरुवातीला जुन्नरला होता आणि तिथून त्याने लोहगड, तुंग, तिकोना, माहुली असे घाटमाथ्यावरचे आणि कोकणच्या वाटेवरचे किल्ले घेण्याचा सपाटा लावला. १४९० साली त्याने बहामनी फौजेला हरवलं, स्वतंत्र झाला आणि १४९४ च्या सुमारास भिंगारजवळ सीना नदीकाठी स्वतःच्या नावाचं शहर वसवायला घेतलं. तेच अहमदनगर. म्हणजे नगर शहर उभं राहायच्या आधीपासून या माणसाचं लक्ष कोकणपट्टीवर होतं.

कारण साधं होतं. घोडे.

दख्खनमध्ये लढायचं तर चांगला घोडा पाहिजे, आणि चांगला घोडा अरबस्तान-इराणकडून यायचा. तो यायचा समुद्रातून. ज्याच्या हातात बंदर, त्याच्या पागेत घोडा. आदिलशाहीकडे गोवा आणि दाभोळ होतं, निजामशाहीकडे चौल. आजच्या रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदी समुद्राला मिळते, तिथली ही खाडी. एका अंगाला चौल-रेवदंडा, समोरच्या अंगाला कोर्लईचा डोंगर. इथे कापड भरलं जायचं, घोडे उतरायचे, मलबारपासून एडनपर्यंतचे व्यापारी यायचे. नगरच्या तिजोरीत येणाऱ्या पैशाची एक मोठी धार या खाडीतून वाहत होती.

आता वळू लोरेन्सोकडे.

१४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला येऊन गेला. मिरीचा धंदा आपण सगळाच्या सगळा आपल्या हातात घ्यायचा, असं मग पोर्तुगालच्या राजाने ठरवलं. त्यासाठी १५०५ च्या मार्चमध्ये लिस्बनहून वीसेक जहाजं आणि दीड हजारांच्या आसपास सैनिक निघाले. म्होरक्या होता फ्रान्सिस्को द अल्मेडा. कसलेला, करडा, वय झालेला सरदार. सोबत त्याचा मुलगा लोरेन्सो. वाटेत त्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर किलवा घेतलं, मोंबासा जाळलं आणि सप्टेंबरमध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटावर येऊन पोचले.

बापाने कोचीनमध्ये बस्तान बसवलं. त्याची नीती एकच होती. जमिनीवर फार पसरायचं नाही, समुद्र हातात ठेवायचा. पोर्तुगीजांचा परवाना घेतल्याशिवाय कुणी तारू हाकारायचं नाही. हाकारलं तर ते लुटायचं नाहीतर बुडवायचं. आणि हे काम किनाऱ्यावर फिरून करायचं कुणी? तर पोराने.

लोरेन्सो अंगापिंडाने भक्कम होता, हातघाईच्या लढाईत पुढे असायचा, असं पोर्तुगीज इतिहासकारांनी लिहून ठेवलंय. पहिल्याच वर्षी क्विलोनमध्ये पोर्तुगीज वखारीतली माणसं मारली गेली तेव्हा बापाने त्याला धाडलं. त्याने बंदरात उभी असलेली सगळी जहाजं पेटवून दिली. पुढे मालदीवकडे जाणारी व्यापारी तारवं अडवायला निघाला, तर वारा आणि प्रवाह त्याला श्रीलंकेला घेऊन गेले. तिथे पोचलेला पहिला पोर्तुगीज म्हणून त्याचं नाव लागतं ते असं, भरकटल्यामुळे. १५०६ च्या मार्चमध्ये कन्नूरसमोर कालिकतच्या सामुद्रीचं दोनशेहून जास्त लहानमोठ्या होड्या-जहाजांचं आरमार आलं. लोरेन्सोकडे होती अकराएक जहाजं. तरी त्याने ते उधळून लावलं. कारण पोर्तुगीज जहाजं उंच आणि तोफा भारी. दुरून मारा करायचा आणि जवळ येऊ द्यायचं नाही.

ही युक्ती लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे. म्हणजे खरंतर, यायला हवी होती.

थोडक्यात पोराचं नाव झालं होतं. बापालाही कौतुक असणार. आणि मग आलं दाभोळ.

१५०६ चा पावसाळा संपल्यावर लोरेन्सो उत्तरेकडे गस्तीला निघाला. दाभोळजवळ त्याला निरोप मिळाला की कोचीन-कन्नूरकडची, म्हणजे पोर्तुगीजांच्या दोस्तांची व्यापारी जहाजं आत वाशिष्ठी खाडीत अडकून पडली आहेत. कालिकतच्या जहाजांनी त्यांना घेरलंय. मदतीला या.

लोरेन्सोला आत शिरायचं होतं. पण बापाची सक्त ताकीद होती की मोठा निर्णय घेताना सोबतच्या कप्तानांची सभा घ्यायची आणि ती म्हणेल तसं वागायचं. सभा बसली. बहुतेक कप्तान म्हणाले, नको. खाडी अरुंद, आतलं पाणी माहीत नाही, मोठी जहाजं आत गेली आणि वारा पडला तर बाहेर निघणं मुश्कील. लोरेन्सोने ऐकलं आणि पुढे निघून गेला. मागे खाडीतल्या दोस्तांच्या जहाजांचं व्हायचं ते झालं.

आता इथे थोडं थांबू. कारण माझ्या मते सगळ्या गोष्टीची मेख इथे आहे. ते कप्तान घाबरट होते का? असतीलही. पण त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता.

कोकणातली खाडी बाहेरून दिसते रुंद. पण तिच्यात खोल पाण्याची वाट एखादीच असते आणि ती सरळ नसते. नदी गाळ आणते, समुद्र वाळू आणतो, आणि दोघांची गाठ पडते तिथे तोंडाशी वाळूचा दांडा तयार होतो. भरतीला त्यावर पाणी असतं, ओहोटीला नसतं. स्थानिक तांडेल बिनधास्त जातो, कारण त्याची होडी उथळ आणि वाट पाठ. मोठ्या जहाजाचं तसं नाही. त्याचा बराच भाग पाण्याखाली असतो. आजच्या बोटवाल्यांच्या भाषेत याला ड्राफ्ट म्हणतात. माल भरला की जहाज आणखी खाली बसतं, म्हणजे ड्राफ्ट वाढतो. खाली तळ आणि वर हा ड्राफ्ट, यांच्यात जेवढी फट उरेल तेवढाच तुमचा जीव. म्हणूनच आज न्हावाशेवाला ये-जा करण्याची वाट सतत गाळ काढून खोल ठेवावी लागते, आणि बंदराचा पायलट जहाजावर चढून कप्तानाला रस्ता दाखवतो. परदेशी कप्तान कितीही मुरलेला असला तरी.

१५०६ मध्ये गाळ काढायला मशीन नव्हतं आणि दाभोळचा पायलट पोर्तुगीजांना वाट दाखवायला बसला नव्हता. तेव्हा आत जाऊ नका हा सल्ला शहाणपणाचाच होता.

पण व्हॉइसरॉयला हे पटलं नाही. त्याच्या लेखी पोर्तुगालच्या झेंड्याखाली आलेल्या दोस्तांना मरायला सोडून आपलं आरमार निघून आलं होतं. अशाने किनाऱ्यावर कुणी विश्वास ठेवील का? त्याने कप्तानांवर खटला भरला आणि त्यांना शिक्षा केल्या. लोरेन्सो सुटला, कारण त्याने सभेचं ऐकण्याचा हुकूमच पाळला होता. पण बापाने त्याला जे काही सुनावलं, ते त्याच्या मनात बसलं. लढाई सोडून पुन्हा कधी माघारी फिरायचं नाही. पोर्तुगीज इतिहासकार पुढच्या सगळ्या प्रकाराचं मूळ दाभोळमध्ये दाखवतात, आणि त्यात तथ्य वाटतं.

इकडे अरबी समुद्राच्या दुसऱ्या टोकाला वेगळीच जुळवाजुळव चालली होती. पोर्तुगीजांमुळे तांबड्या समुद्रातून जाणारी मिरी आटली. तिच्यावर जकात घेणारा इजिप्तचा मामलुक सुलतान हैराण झाला. कालिकतचा सामुद्री आणि गुजरातचा सुलतान महमूद बेगडा हेही तक्रारी करत होतेच. मग सुलतानाने आरमार बांधायला काढलं. गंमत म्हणजे तांबड्या समुद्राकाठी जहाजाला लागणारं लाकूडच नाही. ते भूमध्य समुद्राकडून आणून, वाळवंटातून वाहून सुएझला न्यावं लागलं. तिथे जहाजं जोडली गेली आणि अमीर हुसेन नावाच्या कुर्द सरदाराच्या हाताखाली ती दिवकडे निघाली. दिवचा कारभारी होता मलिक अयाज. मूळचा गुलाम, स्वतःच्या अकलेवर वर आलेला आणि हिंदी महासागरातला तेव्हाचा सगळ्यात धूर्त माणूस. त्याला ना मामलुक हवे होते ना पोर्तुगीज. त्याला दिव शाबूत हवं होतं.

१५०८ च्या सुरुवातीला लोरेन्सो आठेक जहाजं घेऊन कोचीन-कन्नूरच्या व्यापारी ताफ्याला सोबत म्हणून चौलपर्यंत आला. व्यापारी माल भरत होते. पोर्तुगीज खाडीत नांगर टाकून निवांत पडले होते. निजामशाहाच्या बंदरात त्यांना कुणाचा त्रास नव्हता. मार्चमध्ये एके दिवशी समुद्रावर शिडं दिसली. पोर्तुगीजांना वाटलं आपलाच अल्बुकर्क आला, कारण त्याचं आरमार यायचं होतंच. शिडांवर क्रूस दिसत नाहीत हे लक्षात येईस्तोवर अमीर हुसेनची डझनभर जहाजं खाडीच्या तोंडात आली होती.

पहिल्या दिवशी तोफा झाल्या, बाण झाले, आणि अमीर हुसेन समोरच्या बाजूला जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी लोरेन्सोने त्याच्यावर चालून जायचं ठरवलं. जहाजाला जहाज भिडवायचं, उडी मारून वर चढायचं आणि तलवारीने निकाल लावायचा. इतिहासकार सांगतात की त्याच्या तोफखान्यातल्या जाणत्या माणसाने वेगळा सल्ला दिला होता. दुरूनच तोफा लावून त्यांची जहाजं बुडवून टाकू, आपलं एक माणूस जायचं नाही. म्हणजे कन्नूरचीच युक्ती. लोरेन्सोला ते कमीपणाचं वाटलं. तोफेने मारण्यात कसली मर्दुमकी?

पण खाडीने त्याची मर्दुमकी चालू दिली नाही. वारा पडला, पाण्याची ओढ उलटी आणि मोठी जहाजं हवी तिथे जाईचनात. वल्ह्यांवर चालणाऱ्या पोर्तुगीज बोटींनी शत्रूच्या दोन बोटी मारल्या, पण मुख्य भिडंत झालीच नाही. लोरेन्सो स्वतः बाण लागून जखमी झाला. आणि तेवढ्यात मलिक अयाज आला, चाळीसच्या आसपास हलक्या, वल्ह्यांच्या होड्या घेऊन.

आता हिशोब पार बदलला. हलकी होडी वाऱ्यासाठी थांबत नाही, उथळ पाण्यात अडत नाही. कप्तानांनी सांगितलं, रात्रीतून निघून जाऊ. लोरेन्सोला दाभोळ आठवलं असणार. चोरासारखं निघायला तो तयार होईना. शेवटी निघायचं ठरलं, पण व्यापाऱ्यांची गलबतं पुढे काढायची आणि आपण सगळ्यात शेवटी निघायचं, अशा बोलीवर.

शेवटी निघालेल्या त्या जहाजावर मलिक अयाजच्या होड्या तुटून पडल्या. एक गोळा मागच्या बाजूला, पाण्याच्या पातळीजवळ लागला. लढाईच्या धामधुमीत ते भगदाड वेळेत ध्यानात आलं नाही. तळघरात पाणी शिरायला लागलं.

वर ड्राफ्टबद्दल सांगितलं ते इथे जोडून बघा. जहाजात पाणी शिरलं की ते जड होतं, जड झालं की खाली बसतं. जिथे भरलेलं जहाज आरामात निघालं असतं, तिथे आता ते अडणार. शिवाय पोटात पाणी हिंदकळत असेल तर सुकाणू फिरवलं तरी जहाज उशिरा आणि वेडंवाकडं वळतं. ओहोटीची ओढ त्याला न्यायचं तिकडे नेते.

या ओढीने लोरेन्सोचं जहाज नेलं कुठे, तर कोळ्यांनी मासे धरायला ठोकलेल्या खुंटांमध्ये.

होय. सुलतानाच्या तोफांनी जे पुरतं जमलं नव्हतं ते चौलच्या कोळ्यांच्या लाकडी खुंटांनी केलं. कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी डोल नावाचं पिशवीसारखं लांब जाळं लावतात, ते बघितलं असेल. भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आपोआप त्यात शिरते. पण तेवढ्या ओढीत जाळं जागेवर टिकायचं तर त्याला तळात घट्ट रोवलेला आधार लागतो. असले खुंट चौलच्या खाडीत तेव्हा होते. कोळ्यांना त्यांची जागा माहीत होती. लिस्बनहून आलेल्यांना नव्हती.

जहाज तिथे अडकलं ते अडकलंच. पायो द सोझा नावाच्या कप्तानाने आपल्या वल्ह्यांच्या गॅलीने दोर बांधून ओढायचा प्रयत्न केला. आज अडकलेलं जहाज काढायला टगबोट लावतात, तोच प्रकार. पण टगबोटीला इंजिन असतं. इथे थकलेली, जखमी माणसं वल्ही मारत होती आणि वरून बाण-गोळ्यांचा पाऊस. एव्हर गिव्हन निघालं ते टगबोटी, उपसलेली वाळू आणि पौर्णिमेची मोठी भरती असं तिन्ही जुळल्यावर. लोरेन्सोला यातलं काहीच मिळालं नाही. ओहोटी चालू होती आणि जहाज तासातासाने जास्त जड होत होतं. शेवटी गॅलीचा दोर तुटला. काहींनी लिहिलंय, तोडला.

एक लहान होडी त्याला न्यायला आली. जाता आलं असतं. तो गेला नाही.

पुढचं पोर्तुगालमध्ये दंतकथेसारखं सांगितलं जातं. एका गोळ्याने त्याची मांडी फोडली. उभं राहता येईना म्हणून त्याने स्वतःला डोलकाठीच्या बुंध्याशी बसवून घेतलं आणि तिथून हुकूम देत राहिला. दुसरा गोळा वर्मी लागला. कामोइश नावाच्या पोर्तुगीज महाकवीने १५७२ मध्ये छापलेल्या महाकाव्यात हा प्रसंग घातला आणि लोरेन्सो अमर झाला. त्याचं प्रेत मात्र कुणाला मिळालं नाही. जहाजासोबत ते चौलच्या पाण्यात गेलं.

पोर्तुगीजांची १४० च्या आसपास माणसं मेली, वीसभर जिवंत पकडली गेली. त्यातला एक खलाशी म्हणे डोलकाठीवरच्या टेहळणीच्या टोपलीत चढून बसला होता आणि जहाज बुडालं तरी खाली यायला तयार नव्हता. मलिक अयाजने जिवाची हमी दिली तेव्हा उतरला.

मलिक अयाजने कैद्यांना चांगलं वागवलं. जखमींवर उपचार केले आणि कोचीनला व्हॉइसरॉयच्या नावे सांत्वनाचं पत्र पाठवलं, त्यात पोराच्या शौर्याचं कौतुक केलं. हे सगळं मनापासून होतं की पुढचं ओळखून केलेली तरतूद? माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे. एकुलता मुलगा गमावलेला म्हातारा बाप काय करील, हे दिवमध्ये बसलेल्या त्या माणसाला नीट कळलं होतं.

बाप आधी काही दिवस कुणाला भेटला नाही, असं सांगतात. मग तयारीला लागला. तेवढ्यात पोर्तुगालहून हुकूम आला की तुझी मुदत संपली, कारभार अल्बुकर्ककडे दे. अल्मेडाने तो हुकूम बाजूला ठेवला. पोराचा हिशोब बाकी होता.

१५०८ च्या डिसेंबरात तो आरमार घेऊन निघाला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवसांत दाभोळला पोचला. हो, तेच दाभोळ, जिथे आत शिरलो नाही म्हणून बापलेकात बिनसलं होतं. या वेळी पोर्तुगीज आत शिरले. शहर लुटलं, जाळलं आणि बायका-पोरं, म्हातारी माणसं न बघता कत्तल केली. दाभोळने लोरेन्सोला मारलं नव्हतं. दाभोळ आदिलशाहीचं, लढाई झाली निजामशाहीच्या खाडीत, मारणारे इजिप्त आणि गुजरातचे. पण सूड असा पत्ता बघून जात नाही. पुढे कित्येक वर्षं पश्चिम किनाऱ्यावर कुणाला शाप द्यायचा तर दाभोळवर आला तसा फिरंग्यांचा कोप तुझ्यावर येवो असं म्हणायचे, असं पोर्तुगीजच लिहून गेलेत.

३ फेब्रुवारी १५०९ ला दिवसमोर लढाई झाली आणि मामलुकांचं आरमार संपलं. अमीर हुसेन पळाला. मलिक अयाजने स्वतःला लढाईपासून शक्य तितकं लांब ठेवलं होतं. त्याने चौलचे पोर्तुगीज कैदी नवेकोरे कपडे घालून परत केले आणि दिव वाचवलं. मामलुक कैद्यांच्या वाट्याला असं काही आलं नाही. परतीच्या वाटेवर कन्नूरला अल्मेडाने त्यांना तोफेच्या तोंडी दिलं.

आणि नगर? परत जाताना अल्मेडा चौलला थांबला आणि निजामशाहीकडून दरसाल खंडणीचा करार करून घेतला. बंदर तुमचं, पण समुद्र आमचा. याच सुमारास मलिक अहमद वारला आणि गादीवर सात वर्षांचा बुऱ्हाण बसला. नगर दरबारापुढे तेव्हा बेरार आणि विजापूरची भांडणं होती, घाटाखालच्या खाडीसाठी फिरंग्यांशी भांडायला कुणाला सवड? १५१६ ला पोर्तुगीजांची चौलमध्ये वखार आली. १५२१ ला बुऱ्हाण निजामशाहाच्या परवानगीने रेवदंड्याला किल्ल्याचं काम सुरू झालं. त्या व्यवहारात निजामशाहीला घोडे मिळण्याचा मुद्दा होताच.

पुढे १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशाहाने रेवदंड्याला महिनोन्‌महिने वेढा घालून पाहिला. किल्ला पडला नाही. फेरिश्ता हा इतिहासकार स्वतः नगर दरबारात राहिलेला. त्याने लिहिलंय की निजामशाही सरदारच पोर्तुगीजांकडून दारूची लाच खाऊन त्यांना रसद पोचवत होते. नंतर समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर निजामशाहीने किल्ला बांधून खाडीचं तोंड आवळायचा प्रयत्न केला. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तोही घेतला. पुढच्याच वर्षी मुघल नगरच्या भुईकोटाला भिडले आणि चांदबिबीला तटावर उभं राहावं लागलं.

फ्रान्सिस्को द अल्मेडा घरी पोचलाच नाही. १५०९ च्या शेवटी तो कारभार अल्बुकर्ककडे देऊन निघाला. पाणी भरून घ्यायला जहाजं आफ्रिकेच्या टोकाला, आजच्या केपटाऊनजवळ थांबली. तिथल्या खोईखोई लोकांशी त्याच्या माणसांचं भांडण झालं आणि १ मार्च १५१० ला तो किनाऱ्यावर मारला गेला. होड्या जवळ नव्हत्या, वाळूत धावता येईना आणि समोरचे लोक आपल्या गुरांच्या आडून भाले फेकत होते. पहिला व्हॉइसरॉय असा गेला, पोरापाठोपाठ दोन वर्षांत.

कधी रेवदंड्याला गेलात तर पूल ओलांडून कोर्लईच्या किल्ल्यावर चढा. वरून खाडीचं तोंड अख्खं दिसतं. ओहोटीला पाण्याचा रंग बदलतो तिथे वाळू कुठे आहे ते लगेच कळतं. १७४० मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांना चौलमधून घालवलं, पण खाली कोर्लई गावातले ख्रिस्ती लोक आजही घरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली बोलतात. तिला ते नौ लिंग म्हणतात, म्हणजे आमची भाषा.